तिळवण : मोहरीची मावसबहीण

मिरगाचा पाऊस होऊन वैजापूर तालुक्यातल्या कपाशीला चार-सहा पानं फुटली, की बांधाच्या कडेनं, वखराची पास न पोचलेल्या पट्ट्यात एक झाड वर येतं. गुडघ्याएवढं होतं, ओल चांगली मिळाली तर कमरेला लागतं. खोडापानांवर बारीक लव असते. हात लावला की बोटं चिकट होतात आणि उग्र वास बोटांवर बसतो. दुपारी बांधावर भाकरी सोडून बसलं तरी घासाआधी तोच नाकाशी येतो. फूल पिवळं, चार पाकळ्यांचं. फुलामागून आभाळाकडे तोंड केलेली, बोटभर लांब, बारीक, चिकट शेंग. निंदणीला बसलेल्या बाया हे झाड उपटतात, मुळाची माती झटकतात आणि बांधावर टाकतात. दोन दिवसांत ते वाळतं. हीच पिवळी तिळवण.

तिची एक बहीण आहे, पांढरी तिळवण. ती वावरापेक्षा वस्तीच्या जवळ रमते: गोठ्यामागं, उकिरड्याच्या कडेला, शेणखत पडलेल्या परसात. एका लांब देठावर हाताच्या पंजासारखी पाच पर्णिका, शेंड्याला पांढऱ्या, कधी फिकट जांभळट फुलांचा तुरा. त्या फुलातून जांभळट पुंकेसर असे लांब बाहेर येतात, की लांबून पाहणाऱ्याला तुऱ्यावर कोळी बसल्याचा भास व्हावा. हिलाही वास आहे, पण तो थोडा निराळा. कोवळेपणी हिची भाजी होते.

ही पुस्तिका या दोघींविषयी आहे. खरं तर मी निघालो होतो मोहरीच्या कुळातलं रानफूल शोधायला. मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, हळीव हे सारे एका घरचे. या घराचं कोणी रानटी माणूस आपल्या तालुक्यात राहतं का, एवढाच प्रश्न होता. उत्तर शोधताना लक्षात आलं, की मोहरी कुलातल्या साडेतीन हजारांहून अधिक जातींपैकी बहुतेक थंड प्रदेशांत वाढतात. भूमध्य समुद्राचा परिसर, मध्य आशिया, हिमालय, युरोप ही त्यांची माहेरं. दख्खनच्या पठारावर त्या मुख्यतः हिवाळ्यात, तेही माणसानं पेरल्या म्हणून येतात. पाटाच्या ओलीला, ओढ्याकाठी एखादी रानटी जात तग धरते, पण आपल्या उन्हाची आणि काळ्या रानाची सोयरीक या कुळाशी जुळलेली नाही. इथं ती जागा तिळवणीनं घेतली आहे. तिळवण मोहरीच्या घरातली नाही. घराला लागून असलेल्या दुसऱ्या घरातली, नात्यानं मावसबहीण आहे. हे नातं कसं कळलं, कोणाला आधी कळलं आणि ते आज विसरलं का जातंय, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबवतो आहे.

आधी आपला मुलूख. वैजापूर हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा पश्चिम टोकाचा तालुका. एका अंगाला नाशिक जिल्ह्यातलं येवलं आणि नांदगाव, दुसऱ्या अंगाला अहिल्यानगर जिल्ह्यातलं कोपरगाव आणि श्रीरामपूर. दक्षिणेला गोदावरी, आपल्याकडची माणसं तिला गंगा म्हणतात आणि तिच्या काठच्या गावांना गंगथडी. उत्तरेला संत बहिणाबाईंच्या समाधीचं शिऊर आणि त्यापलीकडे डोंगराकडची हलकी, मुरमाड रानं. पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याचं आवर्तन आणि नारंगी-सारंगीचा साठा यांवर जे भिजतं ते भिजतं; बाकी रान आभाळाकडे पाहून पिकतं. खरिपाला कपाशी, मका, बाजरी, तूर. रब्बीला कांदा, गहू, हरभरा. अशा मुलखात जे झाड कोणी न पेरता, पाणी न देता, दरसाल उपटूनही पुन्हा येतं, त्याच्या अंगात काहीतरी विद्या असली पाहिजे. ती विद्या पुढे येईलच. पण सुरुवात वासापासून करायला हवी, कारण नात्याची पहिली खूण वासातच आहे.

आपल्या स्वयंपाकघरात या वासाचा धडा रोज गिरवला जातो. मोहरीचा दाणा नुसता हुंगला तर त्याला वास नाही. तो वाटला, पाणी घालून फेसला, की नाकात झणका जातो आणि डोळ्यांतून पाणी येतं. फेसलेली मोहरी चढली की नाही, हे आपल्या आज्या डोळ्यांच्या पाण्यावरूनच ओळखायच्या. तीच मोहरी कडकडीत तेलात टाकली तर तडतडते, खमंग होते, पण झोंबत नाही. या दोन अनुभवांमागं एकच यंत्रणा आहे. मोहरीच्या पेशींमध्ये ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं एका कप्प्यात असतात आणि मायरोसिनेज नावाचं विकर दुसऱ्या कप्प्यात. पेशी शाबूत आहेत तोवर दोघांची गाठ पडत नाही. दाणा चिरडला, पानाला अळीनं चावा घेतला, की कप्पे फुटतात, विकर द्रव्यावर काम करतं आणि झोंबणारं तेल तयार होतं. गरम तेलात मात्र विकर आधीच निकामी होतं, म्हणून फोडणीतली मोहरी झोंबत नाही. झाडानं हे सारं माणसाच्या जिभेसाठी केलेलं नाही. बसल्या जागेवरून हलता न येणाऱ्या जिवाचं ते संरक्षण आहे.

आता पिवळ्या तिळवणीचं पान चुरगाळून पाहा. उग्रपणात मोहरीची ओळखीची झाक सापडते, आणि ती अपघाती नाही. तिळवणीतही ग्लुकोसिनोलेटं आहेत, तेच विकर आहे, तेच दोन कप्पे आहेत. इतकंच नाही, वाघाटी, वायवर्णा आणि नेपती यांच्यात आहेत, शेवग्यात आहेत, पपईतही आहेत. शेवग्याच्या मुळाचा झणका किंवा पपईची बी चावल्यावर येणारा तिखटपणा ज्यानं अनुभवला आहे, त्याला हे सांगावं लागणार नाही. वनस्पतीशास्त्रात या साऱ्यांचा मिळून एक गण मानतात आणि त्याला मोहरीचंच नाव आहे: ब्रासिकेलीस. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना ज्या घरांत वाघाटीची भाजी लागते, बाळंतिणीला ज्या घरात हळिवाचे लाडू करतात, त्या घरांनी या गणाची दोन टोकं नकळत एका स्वयंपाकघरात आणून ठेवली आहेत.

वासावरून नातं ओळखण्याचं काम सगळ्यांत आधी लोकांनी केलं. तमिळमध्ये पिवळ्या तिळवणीला नायकडुगु म्हणतात, कन्नडमध्ये नायीसासिवे. दोन्हींचा अर्थ एकच: कुत्र्याची मोहरी. खाण्याजोगी खरी मोहरी ती आपली, आणि रानात आपसूक येणारी तिची हलकी बहीण ती कुत्र्याची, असा तो हिशेब. ही नावं ठेवणाऱ्यांजवळ ना सूक्ष्मदर्शक होता ना पोथी. नाक होतं, जीभ होती, आणि चुरगाळून पाहण्याची सवय होती.

दुसरी साक्ष अळ्यांची. १९१० मध्ये हॉलंडमधले वनस्पतीशास्त्रज्ञ फेरशाफेल्ट यांनी कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्यांवर प्रयोग केले. या अळ्या काय खातात याची यादी त्यांनी पाहिली, तर मोहरी कुलाबरोबर तिळवण-वाघाटीच्या कुळातली झाडंही तीत होती. मग ज्या पानांना अळ्या एरवी तोंड लावत नाहीत, त्यांवर त्यांनी मोहरी कुलातल्या एका झाडाचा रस लावला. अळ्यांनी ती पानं खाल्ली. झाडानं शत्रूला पळवण्यासाठी केलेला वास काही किड्यांनी अन्नाची खूण म्हणून पाठ केला होता. आज आपल्या भागात कोबी-फ्लॉवर लावणारा शेतकरी ज्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगानं हैराण होतो, तोही हाच वास धरून येतो. म्हणूनच कोबीच्या पंचवीस ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी सापळा पीक म्हणून लावण्याची शिफारस केली जाते.

तिसरी साक्ष डीएनएची, आणि ती सर्वांत उशिरा आली. तिळवण आणि वाघाटी यांना वनस्पतीशास्त्रज्ञ दीर्घकाळ एकाच कुळात ठेवत, मोहरीला वेगळ्या. डीएनएच्या आधारे सपुष्प वनस्पतींची मांडणी करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटानं १९९८ मध्ये पहिली यादी प्रसिद्ध केली, तेव्हा हे अख्खं कूळ मोहरी कुलातच सामावून घेतलं गेलं. २००३ च्या सुधारित यादीतही तसंच राहिलं. दरम्यान २००२ मध्ये हॉल, सिट्स्मा आणि इल्टिस यांनी दाखवून दिलं, की तिळवण ही वाघाटीपेक्षा मोहरीला अधिक जवळची आहे. त्यामुळे २००९ च्या तिसऱ्या यादीत तीन स्वतंत्र कुलं झाली: मोहरीचं, तिळवणीचं आणि वाघाटीचं. म्हणजे १९९८ पासून पुढची अकरा वर्षं आपल्या बांधावरची तिळवण या यादीप्रमाणे मोहरी कुलातली होती. आज तिचं घर वेगळं आहे, पण जगातल्या सगळ्या वनस्पतिकुलांत मोहरी कुलाला सर्वांत जवळचं कूळ कोणतं, असं विचारलं तर उत्तर तिळवणीचं, हेच आहे. कुत्र्याची मोहरी म्हणणाऱ्यांचं नाक बरोबर होतं.

दोघी बहिणींना मोहरीपासून वेगळं कसं ओळखायचं, हेही इथंच सांगतो. मोहरी कुलाचं फूल चार पाकळ्यांचं, फुलीसारखं मांडलेलं असतं. त्यात सहा पुंकेसर: चार लांब, दोन आखूड. शेंग पिकून उघडली की मधोमध पातळ पडदा दिसतो. तिळवणीतही पाकळ्या चारच, पण त्या चारी दिशांना न पसरता बहुधा वरच्या बाजूला झुकलेल्या असतात. पिवळीत पुंकेसर दहा-बारा किंवा त्याहून जास्त. पांढरीत सहा, पण ते फुलाच्या तळातून न निघता एका लांब दांडीच्या मधूनच निघाल्यासारखे दिसतात. शेंग दोघींचीही मोहरीसारखीच लांबट, मात्र आत पडदा नाही. पिवळीची शेंग लवेमुळं चिकट आणि थेट देठावर; पांढरीची लांब दांडीवर पुढं काढलेली. बी दोघींचं बारीक, काळपट, सुरकुतलेलं. एवढं ध्यानात ठेवलं तर भाद्रपदातल्या कोणत्याही बांधावर ही झाडं पोरासोरांनाही ओळखता येतील.

नावांचा इतिहास याहून लांबचा आहे. सतराव्या शतकात कोचीनचे डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड यांनी मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांचं ज्ञान त्या ग्रंथाचा पाया होतं. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या त्या ‘हॉर्टस मलबारिकस’मध्ये पिवळी तिळवण ‘अरिया-वीला’ या मलयाळी नावानं चित्रासह आली. लिनियसनं १७५३ मध्ये दोन्ही तिळवणींना आपल्या पद्धतीची शास्त्रीय नावं दिली: क्लिओम व्हिस्कोसा आणि क्लिओम गायनँड्रा. व्हिस्कोसा म्हणजे चिकट. बोटांना जे जाणवतं तेच लॅटिनमध्ये. पुढं वंश वेगळे केले गेले, आणि आज पिवळीला अरिवेला व्हिस्कोसा म्हणतात. म्हणजे तिच्या आजच्या जागतिक नावाचा अर्धा भाग मलयाळी आहे. पांढरीचं आजचं नाव गायनँड्रॉप्सिस गायनँड्रा.

मलबारची तिळवण तीनशे वर्षांपूर्वी ग्रंथात गेली. वैजापूरच्या तिळवणीला मात्र फार थांबावं लागलं. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्रातल्या अभ्यासकांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. पण वैजापूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. येवलं आणि कोपरगाव इलाख्यात, म्हणून त्यांचं रान ग्रंथाच्या हद्दीत. शिवेपलीकडचं आपलं रान हद्दीबाहेर. बांधावर तिळवण तीच, माती तीच, बीसुद्धा पुराच्या पाण्याबरोबर इकडून तिकडं जाणारं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, पण रानाची नोंद व्हायला पुढं आणखी अर्धशतक लागलं. औरंगाबादच्या विद्यापीठातले प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा द्विखंडी ग्रंथ १९९८ मध्ये आला. आमच्या भागाच्या अभ्यासकावर त्या ग्रंथाचं ऋण आहे, आणि ते इथं मनापासून नोंदवतो. पण तो ग्रंथ इंग्रजीत आहे, तज्ज्ञांसाठी आहे. निंदणीची पाळी लावणाऱ्या शेतकऱ्याच्या किंवा सातवी-आठवीतल्या मुलीच्या हाती देता येईल असं मराठीतलं काही हवं होतं. ही पुस्तिका त्या गरजेतून आली.

आता झाडाच्या अंगातली विद्या. हिरवं पान हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखर करतं, हे शाळेत शिकलेलं असतं. हा वायू पकडणारं विकर, रुबिस्को, कडक उन्हात चुकतं. कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडून बसतं आणि झाडाची कमाई वाया जाते. कपाशी, तूर, गहू, हरभरा यांचं असंच होतं. मका, बाजरी, ज्वारी आणि ऊस यांनी यावर तोड काढली आहे. ते आधी वायू एका थरात पकडतात, तो पानाच्या शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन कोंडतात आणि तिथं रुबिस्कोला दाटीनं पुरवतात. त्यामुळे चूक कमी होते आणि तेवढ्याच पाण्यात जास्त कमाई होते. या पद्धतीला सी-फोर म्हणतात, कपाशीच्या पद्धतीला सी-थ्री.

आपल्या दोन तिळवणींपैकी पिवळी कपाशीच्या पद्धतीची आहे आणि पांढरी मक्याच्या. एकाच कुळातल्या, एकाच परसात उगवणाऱ्या दोघींच्या पानांत एवढा फरक! मोहरी कुलातलं अरॅबिडॉप्सिस नावाचं चिमुकलं रानरोपटं जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवलं जातं. २००० मध्ये संपूर्ण जनुकसंच वाचला गेलेली ती पहिली वनस्पती. त्या अरॅबिडॉप्सिसला जवळची असूनही सी-फोर असलेली वनस्पती कोणती, हा शोध घेताना शास्त्रज्ञ पांढऱ्या तिळवणीपाशी पोचले. साधं पान आणि मक्यासारखं पान यांत नेमके कोणते बदल झाले, हे जवळच्या नात्यातल्या दोन झाडांची तुलना करून समजतं. भाताला सी-फोर करता येईल का, या प्रश्नावर २००८ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. भात त्या पद्धतीचा करता येतो की नाही हे काळ ठरवील, पण ती पद्धत घडली कशी हे उलगडणाऱ्या अभ्यासात उकिरड्याच्या कडेचं हे झाड मानानं बसलेलं आहे. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत जे झाड काळजीनं कुंडीत वाढवतात, ते आपल्या गोठ्यामागं आपसूक येतं.

पोटाच्या बाजूनं पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पांढरी तिळवण ही मानाची पालेभाजी आहे. केनियात ती शेतात पेरतात, जुड्या बांधून बाजारात विकतात, कडूपणा मारायला दुधात शिजवतात. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर ती बायकांना आवर्जून देतात. आपल्याकडे तिची भाजी करणारे हात आता थोडे उरलेत. रीत सोपी आहे: कोवळे शेंडे खुडायचे, उकळत्या पाण्यातून काढून कडू पाणी ओतून द्यायचं, मग लसूण-मिरचीच्या फोडणीवर परतून दाण्याचं कूट लावायचं. बाजरीच्या गरम भाकरीबरोबर तिचा किंचित कडसर, मोहरीच्या अंगाचा स्वाद छान लागतो.

पिवळीचं पान आपल्याकडे कोणी फारसं खात नाही, पण तिच्या बीची गोष्ट वैजापूरकरांनी जरूर ऐकावी. उत्तराखंडात, गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांत, पिवळ्या तिळवणीच्या बीला जखिया म्हणतात. तिथल्या घरांत बटाट्याच्या भाजीला, पालेभाज्यांना, डाळीला जखियाचीच फोडणी असते. दाणे तेलात तडतडतात आणि भाजीत दाताखाली कुरकुरीत लागतात. डोंगरातून शहरात गेलेली माणसं गावाकडून येताना जखियाची पुडी बांधून आणतात. बाजारात ती पैसे मोजून विकली जाते. आपण मोहरी विकत आणून फोडणीला टाकतो आणि तिच्या बहिणीला उपटून बांधावर टाकतो. तिथल्या बाया त्याच झाडाची शेंग पिकेपर्यंत वाट पाहतात. झाड एक, वास एक, ऋतू एक. फरक पडला तो माणसांच्या ओळखीमुळं.

औषधाबद्दल मात्र सावध लिहितो. पिवळ्या तिळवणीला काही भागांत कानफुटी म्हणतात, कारण कान दुखला की तिच्या पानांचा रस कानात घालण्याची जुनी चाल आहे. कानफुटी हे नाव कपाळफोडीच्या वेलालाही देतात, त्यामुळं झाड चुकण्याचा धोका आहेच. पण झाड बरोबर ओळखलं तरी हा प्रयोग करू नये. ज्या द्रव्यानं डोळ्यांत पाणी येतं आणि कातडीला आग होते, ते दुखऱ्या, कदाचित पडद्याला भोक पडलेल्या कानात घालणं धोक्याचं आहे. लहान मुलाच्या बाबतीत तर मुळीच नको. जुन्या चालीची नोंद ठेवावी, तिचा अर्थ समजून घ्यावा आणि कान दुखला तर डॉक्टरांकडं जावं.

आता जे सांगायला जड जातं ते. ही ओळख पुसली जात आहे, आणि तिचं कारण निंदणीशी जोडलेलं आहे. निंदणीच्या ओळीत बसलेली बाई रानातलं प्रत्येक झाड मुठीत धरत असे. मुठीत धरल्यावर त्याचा चिकटपणा, वास, मुळाची खोली आपोआप कळे. शेजारी सासू, जाऊ, मैत्रीण बसलेली. हे कोणतं, ते कोणतं, हे खायचं, हे ढोरं तोंडात धरत नाहीत, हे कानाला लावतात, असं बोलता बोलता पुढच्या पिढीच्या कानावर पडे. तिळवण उपटणारी बाईच तिला नावानं ओळखत होती. उपटणं आणि ओळखणं एकाच हाताचं काम होतं.

आज तणनाशकाचा पंप पाठीवर घेऊन एक माणूस सकाळच्या वेळात एवढं रान करतो, जेवढ्याला बायांची टोळी दोन-तीन दिवस लागायची. मजुरी वाढली, मजूर मिळत नाहीत, पाऊस लागून राहिला तर वाफसा येईस्तोवर गवत पिकाच्या डोक्यावर जातं. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. माझा तसा हेतू नाही. पण पंपवाल्याला झाडाचं नाव ठाऊक असण्याची गरज पडत नाही. त्याच्यासाठी रुंद पानाचं तण आणि अरुंद पानाचं तण एवढे दोनच प्रकार डब्याच्या चिठ्ठीवर छापलेले असतात. शेकडो नावांच्या जागी दोन शब्द आले. तिळवण इतक्यात नाहीशी होणार नाही; तिचं बी मातीत आहे आणि तिच्या अंगात तग धरण्याची विद्या आहे. जायचं आहे ते तिचं नाव, तिचा वास ओळखणारं नाक आणि तिची भाजी करणारा हात. झाड डोळ्यांपुढं उभं असून ते दिसेनासं होतं, ते असं.

मला यातून एवढंच म्हणायचं आहे. तिळवण मोहरीची बहीण आहे हे डीएनएनं सांगण्याआधी कितीतरी पिढ्या लोकांनी पान चुरगाळून सांगितलं होतं. ते ज्ञान खरं होतं, तपासून पाहिल्यावर टिकलं. अशी आणखी किती नाती निंदणीच्या ओळींत बोलली गेली आणि कुठंच लिहिली गेली नाहीत, याचा हिशेब आपल्याजवळ नाही. जे अजून बोलणाऱ्यांच्या ओठावर आहे ते तरी लिहून घेतलं पाहिजे.

म्हणून वाचकाला विनंती आहे. ही पुस्तिका घरात बसून संपवू नका. भाद्रपदात एकदा रानात जा, रोटेगावच्या रुळाकडेला जा, गंगथडीच्या चारीवर जा. चार पाकळ्यांचं पिवळं फूल आणि आभाळाकडे तोंड केलेली शेंग दिसली की थांबा, एक पान चुरगाळून हुंगा आणि मोहरीची आठवण येते का पाहा. शेताच्या एका बांधावर तरी तणनाशकाचा फवारा नेऊ नका. चार झाडं शेंगेला येऊ द्या. आणि घरात किंवा गल्लीत जिनं आयुष्यभर निंदणी केली अशी एखादी म्हातारी असेल, तर तिच्यापुढं ते झाड धरून तिला त्याचं नाव विचारा. ती जे नाव सांगेल ते, गावाच्या नावासह आणि तारखेसह, वहीत लिहून ठेवा. या पुस्तिकेची शेवटची काही पानं त्यासाठीच कोरी सोडली आहेत.